मदत हवी आहे: मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचं चित्रीकरण, ५०० डॉलरच्या आत कॅमेरा कोणता?

अंजीर
१ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा सीझन सुरू होतोय. ट्री स्टँडवर (झाडाला बांधलेल्या मचाणावर) एकट्यानेच बसून व्हाइटटेल हरणाचं चित्रीकरण करायचंय. अंतर १५ ते ४० यार्ड, वेळ मुख्यतः पहाट आणि तिन्हीसांज. कॅमेरा, तो झाडाला धरून ठेवणारी आर्म, माइक सगळं धरून ५०० डॉलर. सोनी सीएक्स४०५, सोनी एएक्स४३ की वापरलेला कॅनन? ४के लागतंच का?
(लायसन्स रीतसर आहे. भारतातल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावरची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर.)

खारुताई
४के विसरा, उजेडाचं बघा. सीएक्स४०५ बाद: माइकचा जॅकच नाही आणि सेन्सर जेमतेम १/५.८ इंची, संध्याकाळी चित्रात नुसते दाणे, रवाच दिसेल. एएक्स४३ दिवसा सुरेख, पण लेन्स वाइडला एफ/२ आणि पूर्ण झूमला एफ/३.८ (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). म्हणजे झूम ताणला की प्रकाश साडेतीन पटींनी घटतो, तोही नेमका हरीण आल्यावर. शिवाय नवा घेतलात तर बजेट तिथेच संपलं.

वापरलेला कॅनन एचएफ जी३० शोधा. २० पट ऑप्टिकल झूम, एफ/१.८ ते २.८, १/२.८४ इंची सेन्सर. तो नाही जमला तर जी२०. त्याचा झूम १० पटच, पण ४० यार्डांवर फ्रेम साधारण सव्वाचार मीटर रुंद मिळते, हरीण त्यात व्यवस्थित भरतं. खोक्यावरचा डिजिटल झूमचा आकडा वाचूच नका. घेताना झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, माइक लावून आवाज तपासा.

बोरूबहाद्दर
+१. कॅमेऱ्यावर ३००च्या वर जाऊ नका, उरलेले आर्म आणि फ्लुइड हेडला (कॅमेरा संथ फिरवणाऱ्या माथ्याला) ठेवा. हलक्या बॉल हेडवर पूर्ण झूमला पॅन केलंत तर चित्र उड्या मारतं आणि स्टॅबिलायझर ते लपवू शकत नाही. आर्म रॅचेट पट्ट्याची घ्या. सरकारी जमिनीवर झाडात स्क्रू घुसवायला मिशिगनमध्ये मनाई आहे. आधी आर्म लेव्हल करा, नाहीतर कॅमेरा आपोआप उताराकडे सरकतो. मग धनुष्य पूर्ण ताणून त्याचा खालचा लिंब (धनुष्याची वाकणारी पाती) आर्मला लागत नाही ना बघा. सेफ्टी हार्नेसचा पट्टा वेगळा, आर्मच्या पट्ट्याला अडकवायचा नाही.

अंजीर
धन्यवाद! गोप्रो धनुष्यावर लावला तर?

बोरूबहाद्दर
दुसरा अँगल म्हणून ठीक. वाइड लेन्समुळे २० यार्डांवरचं हरीण मुंगीएवढं दिसेल, आणि बाण सुटताना सगळं थरथरेल ते वेगळंच.

खारुताई
सेटिंग्ज राहिल्या:

ऑटोफोकस हमखास फसतो, मधल्या काडीवर जाऊन बसतो. हरीण ज्या वाटेने येईल तिथल्या एखाद्या बुंध्यावर मॅन्युअल फोकस करून ठेवा, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू. एजीसी (अंधारात चित्र आपोआप उजळवणारा गेन) लिमिट १२ ते १५ डीबी, नाहीतर सावल्यांत दाणे किड्यांसारखे वळवळतात. जी३०वर १०८०, ६०पी (सेकंदाला ६० फ्रेम), शटर १/६०. बाण सेकंदाला २८० फूट गेला तरी २० यार्डांत १२-१३ फ्रेम मिळतात. पेटणारा नॉक (बाणाच्या शेपटीचा दिवा) लावलात तरच तो त्यांत दिसेल. प्री-रेक चालू ठेवा, बटण दाबण्याआधीचे तीन सेकंद वाचतात. बीप आणि पुढचा लाल दिवा बंद, स्क्रीन मंद.

बाण सोडायची मुदत सूर्यास्तानंतर अर्धा तास, ती घड्याळावरच बघा. गेन चढलेली स्क्रीन डोळ्यांपेक्षा जास्त उजेड दाखवते.

निळाझेंडू
माइकला केसाळ विंडशील्ड हवंच, फोमचं टोपण उघड्यावर पुरत नाही. नोव्हेंबरच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाची आतल्या खिशात अंगाशी ठेवा. घरी आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. झाडावरून उतरण्याआधीच झिपच्या पिशवीत बंद करा आणि दोनेक तास तसाच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्समध्ये नाही. कार्ड मात्र पिशवीत टाकण्याआधीच काढून घ्या, नाहीतर दोन तास धीर धरवत नाही कुणाला.