हवामानबदल: ‘विश्वास’, ‘पटणं’ की ‘वाटणं’?

प्रश्न

हवामानबदलाबद्दलचं लोकमत प्रदेशानुसार आणि राजकीय कलानुसार कसं बदलतं, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. तीन ठिकाणी अडले. ‘बिलीव्ह इन क्लायमेट चेंज’ला ‘हवामानबदलावर विश्वास असणे’ म्हटलं की कानाला खटकतं. ‘स्केप्टिक’ आणि ‘डिनायर’ या दोघांना ‘संशयवादी’ हा एकच शब्द पुरेल का? आणि ‘ग्लोबल वॉर्मिंग’, ‘क्लायमेट चेंज’ या दोन्हींसाठी सरसकट ‘हवामानबदल’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे गल्लत झाली तर मूळ लेखातल्या आकड्यांचा अर्थच बदलेल. सरसकट नको.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा शब्द वापरून प्रश्न विचारला, काहींना ‘क्लायमेट चेंज’ वापरून. बाकी प्रश्न तोच: हे खरोखर घडतंय का? उजवीकडे झुकणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांत पहिल्या शब्दाला ४४ टक्के लोकांनी होकार दिला, दुसऱ्याला ६० टक्के. डावीकडे झुकणाऱ्या डेमोक्रॅट पक्षाच्या मतदारांत दोन्ही वेळा सुमारे ८७ टक्केच. म्हणजे एका गटाचं उत्तर शब्दाबरोबर हललं, दुसऱ्याचं जागचं हललं नाही. तुम्ही दोन्हीकडे ‘हवामानबदल’ लिहिलं तर हा निष्कर्ष मराठी वाचकाला कळणारच नाही.

राजकारणातल्या लोकांना हे आधीच उमगलं होतं. रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लंट्झ यांनी २००२ च्या टिपणात ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं, असा सल्ला दिला होता. (२०१९ मध्ये सेनेटच्या समितीपुढे त्यांनी स्वतःच आपलं तेव्हाचं म्हणणं चुकीचं होतं असं सांगितलं.) त्या टिपणामुळे ‘क्लायमेट चेंज’ हा शब्दच लंट्झ यांनी घडवला असा समज पसरलाय, तो खरा नाही. शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांच्या १९७५ च्या गाजलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘क्लायमॅटिक चेंज’ आणि ‘ग्लोबल वॉर्मिंग’ दोन्ही आहेत.

मराठीत ‘जागतिक तापमानवाढ’ आणि ‘हवामानबदल’ अशी जोडी तयारच आहे. ‘वाढ’ दिशा सांगते, ‘बदल’ सांगत नाही. मूळ लेखात जिथे जो शब्द आहे तिथे तोच ठेवा.

प्रतिसाद

एक पुरवणी. ‘वातावरण बदल’ टाळावा असं माझं मत आहे, जरी महाराष्ट्र शासनाच्या विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ असलं तरी. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ म्हणजे थोड्या काळाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळाची सरासरी, असा नेटका फरक शिकवलेला असतो. बोलताना मात्र आपण ‘आज हवामान कसं आहे’ असं सर्रास विचारतो. सर्वेक्षणाच्या प्रश्नात हे घातक ठरू शकतं, कारण उत्तर देणारा तीस वर्षांच्या सरासरीचा विचार न करता गेल्या आठवड्याचा करेल.

प्रतिसाद

‘विश्वास’ खटकतो हे अगदी बरोबर, आणि माझ्या मते तीन प्रश्नांत हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. विश्वास आपण माणसावर ठेवतो, देवावर ठेवतो. मोजून दाखवलेल्या गोष्टीवर ‘विश्वास’ आहे का, असं विचारलं की ती श्रद्धेची बाब होऊन बसते आणि न मानणाऱ्याला आयतीच पळवाट मिळते.

मराठीत यासाठी क्रियापदं भरपूर आहेत, फक्त ती नीट वाटून द्यायला हवीत. अशा सर्वेक्षणांत तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तापमान वाढतंय का, हा पहिला. तिथे ‘वाढतंय असं वाटतं’ हे पुरेसं आहे. ते माणसामुळे वाढतंय का, हा दुसरा. तिथे कारण समजून घेऊन मान्य करायचं असतं, म्हणून ‘पटणं’. तिसरा, त्याची काळजी वाटते का. काळजी न करणाऱ्या माणसालाही पहिल्या दोन गोष्टी मान्य असू शकतात. ‘विश्वास’ या एका शब्दात तिन्ही कोंबले की नक्की कोणत्या पायरीवर लोक थांबलेत ते दिसत नाही.

आणि प्रदेशानुसार फरक पडतो तो नेमका इथेच. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २००७-०८ च्या जागतिक पाहणीत ११९ देश होते. तिच्यावर आधारलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये ९० टक्क्यांहून अधिक लोकांना हवामानबदल हा विषय ऐकून माहीत होता. अनेक विकसनशील देशांत तो फारच थोड्यांनी ऐकला होता, पण आपल्या भागातलं हवामान बदललंय असं तिथले पुष्कळ लोक सांगत होते. युरोप आणि लॅटिन अमेरिकेत माणसाचा हात ज्याला पटलाय त्याला धोका मोठा वाटतो. आफ्रिका-आशियातल्या अनेक देशांत मात्र स्थानिक तापमान बदलल्याचं जाणवलंय का, यावर ते अधिक ठरतं. अशा ठिकाणी ‘या लोकांचा हवामानबदलावर विश्वास नाही’ असं लिहिणं म्हणजे उघड अन्याय आहे. त्यांनी नाव ऐकलेलं नाही, पण जे घडतंय ते अनुभवलंय. तिथे ‘हा शब्द ऐकलेला नाही’ एवढंच लिहा.

प्रतिसाद

‘संशयवादी’ दोघांना नको, अजिबात नको. संशय हा विज्ञानाचा गुण आहे. पुरावा मागणारा आणि तो मिळाल्यावर मत बदलणारा माणूस संशयवादी. पुरावा समोर असताना ‘नाही म्हणजे नाही’ म्हणणारा तो नाकारणारा. इंग्रजी पत्रकारितेतही यावर बराच खल झालाय. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये ‘स्केप्टिक’ आणि ‘डिनायर’ दोन्ही टाळून ‘शंका घेणारे’ किंवा ‘मुख्य प्रवाहातलं हवामानशास्त्र नाकारणारे’ असं लिहायचं ठरवलं. गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने २०१९ मध्ये ‘हवामानशास्त्र नाकारणारे’ याच्याशी जुळणारा शब्द पसंत केला.

येल विद्यापीठाच्या पथकाने २००९ पासून अमेरिकी जनतेचे सहा गट मांडलेत. तुमच्या लेखात ते येणारच, म्हणून सुचवतो: धास्तावलेले, चिंतित, सावध, अलिप्त, साशंक, धुडकावणारे. पहिल्या, म्हणजे ‘अलार्म्ड’ या शब्दासाठी ‘घाबरलेले’ नको. घाबरलेला माणूस हातपाय गाळतो. हा गट उलट सर्वांत जास्त कृती करू पाहणारा आहे.

प्रतिसाद

‘उजवे’ आणि ‘नाकारणारे’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, ही कळकळीची विनंती. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीच्या १९८८ च्या प्रचारात रिपब्लिकन उमेदवार थोरल्या बुश यांनी हरितगृह परिणामाशी लढायचं आश्वासन दिलं होतं. १९८९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच धोक्याबद्दल बोलल्या. दोघेही उजवे. आज दिसणारी पक्षांमधली दरी नंतर रुंदावली आहे. युरोपीय संघातल्या पाहणीवरचा २०१६ चा एक अभ्यास सांगतो की डाव्या-उजव्यांतला हा फरक पश्चिम युरोपात स्पष्ट दिसतो, पूर्वीच्या साम्यवादी देशांत तसा दिसत नाही. ‘उजवा’ या शब्दाचा अर्थच तिथे वेगळ्या इतिहासातून आलाय. म्हणून पक्षाचं नाव लिहा, देश लिहा, साल लिहा.

प्रश्नकर्ती

आभार. ‘वाटणं’, ‘पटणं’ आणि ‘काळजी’ अशी विभागणी संपूर्ण लेखात पाळते. ‘साशंक’ आणि ‘नाकारणारे’ वेगळे ठेवते. एक शंका उरली. ‘पब्लिक ओपिनियन’साठी मी कुठे ‘लोकमत’, कुठे ‘जनमत’, एका ठिकाणी तर ‘सार्वमत’ लिहून बसले आहे.

प्रतिसाद

‘सार्वमत’ लगेच काढा, त्यात लोक मतदान करून निर्णय देतात. ‘लोकमत’ आणि ‘जनमत’ दोन्ही चालतील. ‘जनमत चाचणी’ रुळलेला शब्द आहे, म्हणून पाहणीचा उल्लेख असेल तिथे ‘जनमत’ आणि एरवी ‘लोकमत’ ठेवलंत तर वाचताना अडखळायला होणार नाही.