पुण्याजवळ, पण गावासारखं: चांगल्या शाळा असलेला परिसर सुचवा

रानजाई:
चौघांचं कुटुंब. मुलगी पाचवीत आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. मुलगा येत्या जूनमध्ये ज्युनियर केजीला जाईल. एकाचं ऑफिस हिंजवडी फेज २ ला, दुसऱ्याचं चिंचवडला. आजूबाजूला शेतं, झाडं, मोकळं आकाश हवं आणि मुलांना सायकल चालवता आली पाहिजे. पण दहावीपर्यंत शाळा बदलावी लागू नये. तळेगाव दाभाडे, भूगाव-भुकूम, सूस-नांदे आणि उरुळी कांचन ही नावं डोक्यात आहेत. आधी वर्षभर भाड्याने राहायचं, मग घर घ्यायचं. कशावरून ठरवावं?

कातळखडा:
उरुळी कांचन यादीतून काढा. गाव चांगलं आहे. निसर्गोपचार आश्रमामुळे एक वळण आहे, झाडी आहे, शाळाही जुन्या आहेत. पण ते सोलापूर रस्त्यावर. हडपसरला नोकरी असणाऱ्यांनी जरूर बघावं. तुम्हाला रोज अख्खं पुणे ओलांडावं लागेल.

उरलेल्या तिघांत तुमच्यासाठी तळेगाव पहिलं. चिंचवडवाल्यांना लोकल आहे. तळेगावनंतर घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी आणि पाचवं स्थानक चिंचवड. मात्र दुपारी गाड्यांमध्ये मोठं अंतर पडतं, त्यामुळे अर्ध्या दिवसाची सुट्टी किंवा दुपारची पालकसभा असेल तर आधी वेळापत्रक बघा. हिंजवडीवाल्यांना देहूरोडवरून बाह्यवळणाने गाडीनेच जावं लागेल.

शिवाय तळेगाव हे शाळांचं गाव आहे. स्वदेशी चळवळीच्या दिवसांत विष्णू गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय इथे चालवलं. मराठी आणि सेमी माध्यमाच्या जुन्या अनुदानित शाळा आजही आहेत, त्यांच्या शेजारी सीबीएसईच्या नव्याही आहेत. तुमच्या दोन मुलांची गरज वेगवेगळी आहे, त्यामुळे हे महत्त्वाचं. भूगाव-भुकूमला इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळा मिळतील, पण मुलीसाठी सेमीची चांगली तुकडी शोधताना कोथरूडपर्यंत यावं लागेल.

पाटीपेन्सिल:
क्रम असा ठेवा: आधी शाळा, मग बसचा मार्ग, मग घर. बहुतेक लोक उलट करतात आणि मुलं रोज दोन-अडीच तास बसमध्ये काढतात.

बसचं गणित अंतरावर करू नका, थांब्यांवर करा. बारा किलोमीटरला अर्धा तास लागेल असं वाटतं, पण वाटेत वीस थांबे असतील आणि प्रत्येक ठिकाणी एक-दीड मिनिट गेलं तर त्यातच वीस ते तीस मिनिटं वाढली. शाळेच्या वाहतूक विभागाला तीनच गोष्टी विचारा. आमचा थांबा कितवा? पहिलं मूल किती वाजता चढतं? शाळा सुटल्यावर खेळाच्या सरावाला थांबणाऱ्यांसाठी उशिराची बस आहे का? शेवटच्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं, आणि मग नोकरी करणाऱ्या आईवडिलांची मुलं संघात असूनही सरावाला थांबू शकत नाहीत. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, हेही बघा. नियमानेच ती असावी लागते.

आता शाळा. ‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक दिसला की थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तो कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते बघा. वाढत्या उपनगरांत आठवीपर्यंतच्याच शाळा पुष्कळ असतात. नववीला मंडळाकडे नोंदणी करायची वेळ येते, तेव्हा मुलांना दुसऱ्याच शाळेच्या नावावर घातलं जातं. राज्य मंडळाच्या शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागा. पुणे जिल्ह्यात त्याची सुरुवात २७२५ ने होते.

निकालाचा ‘शंभर टक्के’ फलक एकट्याने काहीच सांगत नाही. आदल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली, हे दोन आकडे शेजारी ठेवा. नववीत ८० आणि दहावीला ६२ असं असेल, तर उरलेली कुठे गेली हे विचाराच. कच्च्या मुलांना दाखला घ्यायला लावणं किंवा बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणं, हा निकाल चकचकीत ठेवण्याचा जुना मार्ग आहे.

रानजाई:
नववी-दहावीचे आकडे विचारायचं सुचलंच नसतं. मुलीला सहावीत सीबीएसईला घालावं का, म्हणजे दोघं एकाच शाळेत जातील?

पाटीपेन्सिल:
फक्त बस एक व्हावी म्हणून नको. तिची सेमी चालू आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आहेच. बदलायचंच असेल तर सहावी हीच योग्य वेळ. आठवीनंतर त्रास वाढतो आणि दहावीला थेट प्रवेश मंडळ सहसा देत नाही. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनमध्ये. मे महिन्यात घर हलवलंत तर तिकडचा महिनाभराचा अभ्यास झालेला असतो. पूर्वप्राथमिकचे अर्ज तर आदल्या दिवाळीच्या आसपासच सुटतात, तेव्हा मुलाचं आत्ताच बघा.

शिवारफेरी:
‘गावासारखं’ यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. खिडकीतून दिसणारं शेत हे कुणाचं तरी विकाऊ शेत असू शकतं. पाच वर्षांनी तिथे बारा मजले उभे राहतील की नाही, हे देखाव्यावरून कळत नाही.

मोकळं राहण्याची खरी शक्यता तीन प्रकारच्या जमिनींना: राखीव वन, १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगरबाजू आणि लष्करी आस्थापनांच्या भोवतीचा पट्टा. तळेगाव-देहूरोड आणि खडकवासला या बाजूंना तिसरा प्रकार भरपूर आहे. पण तिथे घर घेताना बांधकामाला संरक्षण खात्याचा ना-हरकत दाखला लागत होता का आणि तो घेतला का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

सर्वांत आधी भरणारी जमीन म्हणजे गावठाणाला चिकटलेली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही, फक्त रूपांतर कर वगैरे भरावा लागतो. त्यामुळे गावाच्या कडेचं टुमदार घर सगळ्यांना आवडतं आणि भोवतालचं शिवार तिथेच सर्वांत लवकर संपतं.

विक्रेत्याने दाखवलेल्या रंगीत नकाशावर विसंबू नका. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) २०२१ चा प्रारूप विकास आराखडा शासनाने २०२५ मध्ये रद्द केला, तरी त्याचीच चित्रं अजून फिरतात. शेजारच्या चारही बाजूंच्या जमिनींचे गट नंबर घ्या आणि त्या जमिनी कोणत्या वापरासाठी आहेत हे सांगणारा चालू तारखेचा झोन दाखला काढा. पुण्याभोवतीचा नियोजित रिंगरोडही बघा. ११० मीटर रुंदीचा हा रस्ता मावळात उर्से इथून निघून मुळशीकडे उतरतो. घरापासून दोन किलोमीटरवर त्याचा चढ-उताराचा जोड असेल तर जाणं-येणं सोपं होईल, पण शांतता राहणार नाही.

मुठाकाठ:
भूगावची बाजू मांडतो. मानस तलावाचा परिसर, पलीकडे डोंगर, आणि हिंजवडीला चांदणी चौकातून महामार्ग धरून जाता येतं. २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल झाल्यावर चौकातली कोंडी बरीच सुटली. अडचण त्याच्या पुढे आहे. भूगावच्या गावठाणातून जाणारा रस्ता अरुंद, आणि पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातली अवजड वाहनं त्याच रस्त्याने येतात. तुमच्या ऑफिसच्या वेळेला, मंगळवार-बुधवारी, पावसाळ्यात जाऊन बघा. रविवारी सकाळी पाहिलेलं घर सगळ्यांनाच आवडतं.

सूस आणि म्हाळुंगे २०२१ पासून पुणे महापालिकेत आहेत. तिथे गाव फार उरलेलं नाही. नांदे-लवळेकडे अजून आहे.

विहीरपाणी:
पाणी! गावाची हौस मार्चपासून टँकरच्या बिलात दिसू लागते.

माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांना ५४० लिटर. शंभर घरांची सोसायटी म्हणजे ५४,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोज साडेपाच. नळपाणी किती येतं ते वजा करा, उरलं ते टँकर. सोसायटीकडे मागच्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. तोंडी उत्तर नको, बिलंच बघा. बोअरवेलवर भिस्त ठेवू नका. आपला सगळा काळा कातळ, पाणी फक्त भेगांत. शेजारी चार नव्या बोअर झाल्या की तुमची आटते. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणं चांगलं, २००० ही शेवटची मर्यादा. नुसते क्षार मोजू नका, जंतूंची तपासणीही करा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच होता.

तळेगाव नगर परिषदेकडे नदीवरून येणारी स्वतःची पाणी योजना आहे, हा ग्रामपंचायतीपेक्षा मोठा फरक. पण हद्दीबाहेरच्या वराळे-आंबीकडच्या इमारतीही ‘तळेगाव’ म्हणूनच विकतात. पाणीपट्टीची पावती कुणाची आहे ते बघा.

रानजाई:
तळेगावकडे कल झुकतोय. गावभाग की स्टेशनभाग? आणि फ्लॅटऐवजी दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट घ्यावा का?

कातळखडा:
भाड्याने राहताना स्टेशनभाग, लोकल पायी गाठता येईल असा. फक्त चाकण रस्त्याला लागून नको. औद्योगिक वसाहतीचे कंटेनर रात्रंदिवस चालतात आणि त्या रस्त्यावर मुलांची सायकल विसरा.

आणखी एक. शेताजवळ राहायचं तर घोणस, मण्यार, नाग हे शेजारी धरून चालायचं. घराला लागून गवत आणि लाकडं रचू नका, अंधारात बॅटरी घ्या. सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवणारं आणि अतिदक्षता विभाग रात्रीही उघडा असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, ते मोजून ठेवा. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, हाही त्याच्या बाजूचा मुद्दा.

शिवारफेरी:
प्लॉटबद्दल. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘अकरा जणांच्या नावे एकत्र खरेदीखत करू, सातबाऱ्यावर नाव लागेल’ असं सांगणारे भेटतील. तो सातबारा सामाईक असतो. तुमचे तीन गुंठे नेमके कुठले, हे कागदावर कुठेच नसतं, बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही.

घ्यायचाच असेल तर बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) आणि त्या रेखांकनातला तुमचा प्लॉट क्रमांक, हे तिन्ही हवेत. रेखांकन मोठं असेल तर महारेराची, म्हणजे बांधकाम-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीही लागते का ते बघा. सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. त्यात ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा: कूळ, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा तिथेच असतो. भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या अटींवर मिळालेली जमीन) दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. मग मागच्या तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वकिलाकडून तपासून घ्या, विशेषतः वारसांमध्ये बहिणींची नावं आहेत का ते. गाळलेली बहीण दहा वर्षांनी दावा लावते आणि कायद्याने तिचा हक्क असतोच.

पाटीपेन्सिल:
आणि भाडेकरार जूनमध्ये संपेल असा करू नका. एप्रिलअखेर संपू द्या, म्हणजे घर बदलावं लागलं तरी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत बसचा थांबा बदलून मिळतो. जूननंतर मार्ग ठरलेले असतात.