फॅक्टरी राउंड नीट, शिशाचे मात्र सहा इंच

तू विचारलंस की नेम का पसरतोय, तर फॅक्टरीचे जॅकेटवाले (तांब्याचं आवरण असलेल्या बुलेटचे) राउंड ५० यार्डांवर दोन इंचांत बसतायत आणि घरी ओतलेल्या शिशाच्या बुलेट सहा इंचांत पसरतायत म्हणजे रायफल ठीक आहे रे, स्कोप बदलायच्या भानगडीत पडू नकोस. तुझी मार्लिन ३३६ मायक्रोग्रूव्हवाली आहे, त्यात बॅरलच्या आतल्या, बुलेटला फिरवणाऱ्या खाचा उथळ आणि जास्त असतात, त्यामुळे ०.३०८ इंच व्यासाची शिशाची बुलेट त्यात नीट पकड घेत नाही. आधी बॅरलमधून मऊ शिशाचा गोळा ठोकत बाहेर काढ आणि मायक्रोमीटरने मोज, बुलेट त्याच्यापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड हवी, तुझ्यासारख्या ३०-३० कॅलिबरच्या बऱ्याच रायफलींना ०.३१० चालते.

आता खरी गंमत, मी स्वतः यात दोन महिने घालवलेत. बुलेट ०.३१० ची करूनही ग्रुप तसाच, शेवटी वैतागून एक तयार राउंड उपसला तर आतली बुलेट ०.३०८ ची झालेली! जॅकेटवाल्या बुलेटसाठीचा एक्सपांडर (केसचं, म्हणजे पितळी नळीचं तोंड रुंद करणारा दांडा) ते तोंड फार घट्ट ठेवतो आणि मऊ शिसं त्यात आवळलं जातं. जाड एक्सपांडर घे, तोंड किंचित फुलव, मग क्रिंप, म्हणजे तोंड बुलेटवर दाबून घट्ट कर.

बाकी बॅरलमधलं जुनं तांबं आधी पूर्ण साफ कर, गॅस चेक (बुलेटच्या बुडाला बसणारी धातूची छोटी टोपी) लाव, आणि ट्यूब मॅगझिन आहे, राउंड नळीत एकामागे एक बसतात, तर सपाट नाकाचीच बुलेट, टोकदार अजिबात नको, पुढच्या राउंडच्या प्रायमरवर (बुडाच्या, ठोक्याने पेटणाऱ्या भागावर) टेकते ती. पावडर रीलोडिंग मॅन्युअलमधल्या कास्ट (ओतलेल्या) बुलेटच्या डेटाप्रमाणेच, अंदाजपंचे नको. उपसलेल्या बुलेटचं माप टाक इथे.