न मानणं हा गुन्हा कसा काय?

रंगावली_काठ (धागा सुरू करणारा)

पंधरा दिवसांपूर्वी आजोबा गेले. नवापूर तालुक्यातलं गाव. आमच्या घरात ख्रिस्ती झालेले ते पहिले. त्यांचे धाकटे भाऊ मात्र कधी प्रार्थनेला बसले नाहीत. ते अजून आदिवासींची देवी याहामोगी हिच्या यात्रेला देवमोगऱ्याला जातात. आजोबांना लकवा मारल्यावर तीन वर्षं त्यांना उचलणं, धुणं, भरवणं या धाकट्या आजोबांनीच केलं. आम्ही नातवंडं धुळ्याला नाहीतर सुरतेला. कबरही त्यांनीच खणली. उन्हाळ्यातला मुरूम, पहार मारली की ठिणगी उडायची.

पाळकसाहेबांनी कबरीपाशी बायबलमधल्या योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं अठरावं वचन घेतलं: विश्वास ठेवणाऱ्याचा न्यायनिवाडा होत नाही, न ठेवणाऱ्याचा होऊनच चुकला आहे. वर म्हणाले, इथे उभे असलेल्यांपैकी काहींनी अजून विचार करावा. धाकटे आजोबा पहारीला टेकून उभे होते, आणि सगळ्या नजरा तिकडे वळल्या.

मी स्वतः विश्वासी आहे, बाप्तिस्मा झालेला. तरी विचारतो. चोरी गुन्हा, खून गुन्हा, हे कळतं. न मानणं हा गुन्हा कसा काय?

वचन_आणि_वही

आजोबांना प्रभूने विसावा दिला आहे. पाळकांनी ती वेळ निवडायला नको होती, हे मान्य. पण वचन अर्धं घेऊन भांडू नका. त्याच्या आधीच सतरावं आहे: देवाने पुत्राला जगाचा न्याय करायला नव्हे, जग तारायला पाठवलं. पुढे एकोणिसावं: उजेड आला, तरी माणसांना अंधारच बरा वाटला, कारण त्यांची कामं वाईट होती. इथे अविश्वास म्हणजे डोक्यातली शंका नव्हे, दिसत असताना पाठ फिरवणं.

आपल्या भागातलंच सांगतो. साप चावलेला माणूस सुई नको म्हणतो, भगताकडे जातो आणि मरतो. तो सुई नाकारली म्हणून मेला का? विषाने मेला. पाप हे विष. सुई नाकारली म्हणून देव वरून आणखी शिक्षा देत नाही.

केळीबाग_रावेर

उदाहरण चांगलं आहे, म्हणून त्यातच शिरतो. एक: ज्या पाड्यावर दवाखानाच नव्हता त्याचं काय? येशूनंतर शेकडो वर्षं सातपुड्यात त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्या पिढ्या विषाने मेल्या, आणि डॉक्टर सर्वशक्तिमान! दोन: रान डॉक्टरचं, सापही त्यानेच घडवलेला. मग सुई फुकट वाटल्याचं कौतुक किती करायचं?

आणि मुख्य मुद्दा. विश्वास हा काय नळ आहे, फिरवला की सुरू? मला कुणी एक लाख रुपये दिले आणि ‘उद्या सकाळपर्यंत तापी उलटी वाहते यावर विश्वास ठेव’ म्हटलं, तर मी तसं बोलेन, मानू शकणार नाही. जे माणसाच्या हातात नाही त्याबद्दल शिक्षा कसली? हे आमच्या पीकविम्यासारखं झालं. बाग आडवी झालेली डोळ्यांना दिसते, पण अर्ज मुदतीत भरला नाही, म्हणून भरपाई नाही.

जिभाऊ_धरणगाव

देव काय तलाठी शे का, सातबारावर नाव शे का नही ते दखाले!

मुक्ताई_वारी

म्हणूनच आपला धर्म बरा. आमच्यात न मानणाऱ्याला नरकात टाकत नाहीत.

वचन_आणि_वही

ताई, गीतेचा चौथा अध्याय, चाळिसावा श्लोक काढा. अज्ञ, अश्रद्ध आणि संशयात्मा नाश पावतो, त्याला ना हा लोक ना परलोक, असं स्वच्छ लिहिलंय. रौरव, कुंभीपाक ही नरकांची नावंही आमच्याकडची नाहीत.

मुक्ताई_वारी

बरं, ते घेते मागे. पण तिथे पुढचा जन्म तरी मिळतो. तुमच्याकडे एकदाच परीक्षा आणि नापास झालं की कायमचं घरी.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ

कॅथलिक बाजू कुणी मांडत नाहीये, म्हणून लिहितो. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे वाक्य तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियनचं, आणि ते मुख्यतः चर्च फोडून बाहेर पडणाऱ्यांना उद्देशून होतं. पुढे ते ताणलं गेलं. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी अशी यादी देऊन, मरणापूर्वी चर्चमध्ये न आल्यास सगळे सार्वकालिक अग्नीत, असं लिहून टाकलं. त्यानंतर साधारण अर्ध्या शतकाने युरोपची जहाजं अमेरिकेला लागली. तिथे माणसंच माणसं, आणि एकानेही ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं नाही. तेव्हापासून धर्मपंडितांची झोप उडाली, असं मला तरी वाटतं.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. त्याआधी बॉस्टनमधले फीनी नावाचे फादर जुनंच वाक्य शब्दशः धरून बसले होते. १९५३ साली चर्चने त्यांनाच बहिष्कृत केलं. कागदोपत्री कारण आज्ञाभंगाचं, पण चर्चबाहेर कुणी नाही म्हणणारा स्वतःच बाहेर! हे आठवलं की मला अजून हसू येतं.

वचन_आणि_वही

परिषदा बदलतील, वचन बदलत नाही. आणि न ऐकताही भागत असेल, तर मिशनरी शंभर वर्षांपूर्वी बोटीने, बैलगाडीने नंदुरबार-नवापूरपर्यंत आले कशाला? मलेरियाने मरायला?

तरीही केळीबागवाल्यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. लूक १२: धन्याची इच्छा माहीत असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके, माहीत नसलेल्याला थोडे. मत्तय ११: चमत्कार पाहिलेल्या खोराजिन आणि बेथसैदा गावांपेक्षा न्यायाच्या दिवशी सोर आणि सीदोन ही परकी शहरं सुसह्य स्थितीत असतील. म्हणजे देव मोजून न्याय करतो. जेवढा उजेड, तेवढा हिशोब.

केळीबाग_रावेर

थोडे फटके! म्हणजे माहीत नसण्याबद्दलही फटके आहेतच.

कापूस_वेचणी

इथे धरणगावकर आहेत म्हणून आठवलं. बालकवी ठोंबरे जन्माने धरणगावचे. अहमदनगरला ते ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या घरी मुलासारखे राहिले, ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ साली भादलीला रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या वर्षांत लक्ष्मीबाई वारल्या असत्या तर? तारखेवरून माणूस कुठे जाणार ते ठरतं का? मला उत्तर नको, पण कबरीपाशी वचन वाचणाऱ्याने एकदा असं एक नाव डोळ्यांपुढे आणावं.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ

मत्तय २५ तर अजून कुणी काढलंच नाही. शेवटच्या न्यायाचं सगळ्यात मोठं चित्र तिथे आहे: मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. विचारलं काय जातं? भुकेल्याला खायला दिलंस का, आजाऱ्याकडे गेलास का. उजवीकडचे चक्रावतात, ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?’ त्यांना माहीतच नसतं. रंगावलीभाऊ, तीन वर्षं लकव्याच्या माणसाला धुणारा कोणत्या बाजूला उभा राहील?

वचन_आणि_वही

त्याच अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक शिक्षाही आहे, ती गाळू नका. शिवाय ‘माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी’ असे शब्द आहेत. ते बंधू म्हणजे येशूचे शिष्य, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. सत्कर्मांनी तारण होत असतं तर वधस्तंभाची गरज काय होती?

पण हेही खरं की त्या चित्रात न्याय करायला बसलेला प्रभू आहे. पाळक नाही, मीही नाही. धाकट्या आजोबांबद्दल मी काही बोलणार नाही. तो अधिकार माझा नाही.

केळीबाग_रावेर

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर एवढं टायपिंग वाचलं असतं.

रंगावली_काठ

सगळ्यांचं वाचलं. मार्क ९ मधला आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका.’ सध्या मी तिथेच आहे. केळीबागवाले, नळाचं पटलं. वहीवाले, सापाचंही अर्धं पटलं.

काल धाकट्या आजोबांना फोन केला. चाचरत विचारलं, त्या दिवशी पाळक जे बोलले ते तुम्हाला लागलं का? म्हणाले, मला ऐकायला कमी येतं, मी मातीकडे बघत होतो. ढेकळं मोठी पडलीत, पहिल्या पावसात कबर खचेल. पाऊस लागायच्या आत एखाद्या रविवारी ये, दोघं मिळून दोन पाट्या माती टाकू.

रविवार म्हणजे प्रार्थनेची वेळ. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.