डिजिटल ब्रिकच्या सुट्या भागांची मूळ दिशा कशी ठरवावी?

प्रश्न :
नमस्कार. मी एलड्रॉसाठी (लेगोची मॉडेल्स संगणकावर रचण्याची पद्धत) काही सुट्या भागांची मॉडेल्स तयार करत आहे. साधी ब्रिक (ठोकळा) किंवा प्लेट (पातळ ठोकळा) असली की अडत नाही. स्टड (जोडणीचे गोल उंचवटे) वर ठेवायचे आणि लांब बाजू एक्स अक्षावर घ्यायची. परंतु स्टडच नसलेली लेगोच्या टेक्निक मालिकेतील भोकांची पट्टी, किंवा एका टोकाला क्लिप असलेला तुकडा हाती आला, की त्याची वरची बाजू कोणती मानावी हे कळत नाही. वापरणारा भाग हवा तसा फिरवून घेणारच असेल, तर याचा इतका विचार करावा का?

उत्तर १ :
अवश्य करावा. मॉडेलच्या फाइलमध्ये भागाचा आकार नसतो, प्रत्येक भागासाठी फक्त एक ओळ असते. रंग, जागेचे ३ आकडे, फिरवण्याच्या मॅट्रिक्सचे ९ आकडे आणि भागाच्या फाइलचे नाव एवढेच त्या ओळीत असते. त्यामुळे भाग प्रसिद्ध झाल्यावर आपण त्याची दिशा बदलली, तर तो वापरलेल्या प्रत्येक जुन्या मॉडेलमध्ये तो वाकडा बसेल. म्हणून त्याच भागाची जुनी किंवा छपाई असलेली आवृत्ती संग्रहात असल्यास तिचीच दिशा घ्यावी, म्हणजे केवळ फाइलचे नाव बदलून अदलाबदल करता येते.

उत्तर २ :
माझ्या मते दिशेपेक्षा आरंभबिंदू (ज्या बिंदूपासून भागाची मापे मोजतात तो) अधिक महत्त्वाचा आहे. एलड्रॉमध्ये वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो (माझी पहिली ब्रिक यामुळेच उलटी झाली होती) आणि ब्रिकचा आरंभबिंदू वरच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, स्टडच्या बुडाशी असतो. ब्रिकची उंची २४ एकके (एलड्रॉची स्वतःची) आणि प्लेटची ८. त्यामुळे कशावरही प्लेट चढवताना ८ वजा केले की काम होते. आरंभबिंदू भागाच्या पोटात धरला असता, तर दर वेळी दोन्ही भागांच्या अर्ध्या उंचींची बेरीज करावी लागली असती. हलणाऱ्या भागांत हा बिंदू फिरण्याच्या आसावर असावा. मिनीफिगरच्या (लेगोच्या छोट्या बाहुलीच्या) पायाचा तसा असल्यामुळेच तिला बसवताना पाय फक्त फिरवावे लागतात. आपल्या क्लिपसाठीही, ती ज्या दांडीला पकडते तिचा आस मी विचारात घेईन.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग पट्टीचा आरंभबिंदू मधल्या भोकात घ्यावा का?

उत्तर २ :
भोके विषम असतील तर होय. सम असतील तर मध्य दोन भोकांच्या मधोमध येतो आणि भोकांमधील अंतर २० एकके असल्यामुळे पट्टी बसवताना १० एककांनी सरकवावी लागते, पण ४ स्टड लांबीच्या ब्रिकच्या बाबतीतही तेच घडते आणि सर्वांना त्याची सवय आहे.