अभ्यासमंडळासाठी अलीकडचे संशोधन: काय वाचावे आणि कोठून सुरुवात करावी?

खाडीपलीकडे:
नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या सार्वजनिक वाचनालयात दरमहा एक अभ्यासमंडळ भरते. त्यात निवृत्त शिक्षक, काही बागायतदार, एक परिचारिका आणि बारावीनंतर पुढे काय या विचारात असलेली मुले आहेत. आजवर आम्ही कथा-कादंबऱ्याच वाचल्या. यंदा मृग सरल्यावर विज्ञान आणि समाजशास्त्रांतील अलीकडचे संशोधन, शक्यतो मूळ शोधनिबंधांतून, वाचायचे ठरले आहे, कारण ‘शास्त्रज्ञांचा दावा’ छापाच्या बातम्यांवर आता कोणाचे समाधान होत नाही. विषयांचा आपल्या भागाशी संबंध असावा एवढीच अट आहे. जाणकारांनी विषय आणि वाचण्याची रीत, दोन्ही सुचवावीत.

चौदा आणे:
पाच विषयांवरचे पाच निबंध निवडण्यापेक्षा एकाच प्रश्नावर परस्परांशी न जुळणारे दोन निबंध घ्या, असे मी सुचवीन. एकटा निबंध वाचला की तो खराच वाटतो, कारण लिहिणाऱ्याने आपली बाजू नीट बांधलेली असते. दुसरा समोर आला की पुरावा कशाला म्हणायचे, हा वाद मंडळात आपसूक सुरू होतो.

तुमच्याकडे बागायतदार आहेत, तेव्हा हापूसमधील साक्यापासून आरंभ करावा. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर कोयीलगतचा गर पांढुरका, आंबट आणि पोकळ निघतो, हे त्यांना कोणी सांगायला नको. जुने संशोधन याचे कारण उष्णतेत शोधते. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते आणि गर पिकण्याची क्रिया बिघडते, म्हणून झाडाखाली गवत-पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, असा सल्ला त्यातून निघाला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील रवींद्र आणि शिवशंकर यांनी २००४ पासून ‘करंट सायन्स’मध्ये वेगळीच मांडणी केली. त्यांच्या मते दोषाचे मूळ बियांत आहे: फळ झाडावर असतानाच बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि त्याची झळ गराला बसते. गंमत अशी की दोन्ही कारणे मानणाऱ्यांना फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार असतानाच उतरवणे पटण्यासारखे आहे. (माझे टोपणनाव तिथलेच.) मग उपाय लागू पडला म्हणून कारण खरे ठरले, असे म्हणता येईल का? एक अख्खी बैठक यावर सहज जाईल.

वाचताना प्रस्तावना खुशाल ओलांडा आणि थेट प्रयोगाच्या भागावर या. फळे किती घेतली, ती एकाच बागेतील होती की अनेक, हंगाम एक होता की जास्त, तुलनेसाठी काही फळे तशीच ठेवली होती का, एवढे विचारून झाल्याशिवाय निष्कर्षाचे पान उघडू नये.

पुढच्या खेपेस सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, बेडूक घ्यावेत. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर पाहणी करून, मोकळ्या सड्याच्या जागी आंब्याच्या बागा किंवा भातशेती आली की उभयचरांवर काय परिणाम होतो, हे अलीकडेच मांडले आहे. निष्कर्ष बागायतदारांना रुचणारे नाहीत, पण न रुचणारा निबंधच लोक बारकाईने वाचतात.

तळकोकण:
वरील प्रतिसादाशी अंशतः असहमत आहे. पहिलाच विषय आंबा ठेवलात तर बागायतदार बोलतील आणि बाकीचे ऐकत बसतील. राजापुरात राहून कातळशिल्पे, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेली जुनी चित्रे, सोडून कशी चालतील? बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली आहेत, आणि तेथील खरा संशोधनप्रश्न काळाचा आहे. जांभ्यावर कोरलेल्या रेषेत कार्बनच्या कसोटीला लावता येईल असे सेंद्रिय काही उरत नाही, त्यामुळे अभ्यासकांना आजूबाजूची दगडी हत्यारे, कोरण्याची पद्धत आणि गेंड्यासारखे आज कोकणात नसलेले प्राणी यांवरून अनुमान बांधावे लागते. अनुमानाची साखळी कोठे पक्की आणि कोठे सैल आहे, हे येथे अभ्यासक नसलेल्यालाही दिसते. शिवाय निबंध वाचून झाल्यावर मंडळी सड्यावर जाऊन स्वतः पाहू शकतात.

समाजशास्त्राकडे वळायचे असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण पाहावे. त्याचे नकाशे संकेतस्थळावर खुले आहेत आणि नातेवाचक शब्द गावागणिक कसे बदलतात हे त्यांत दिसते.

खाडीपलीकडे:
दोघांचेही आभार. दोन अडचणी आहेत. बरेच निबंध पैसे मागतात, आणि इंग्रजी सर्वांनाच झेपते असे नाही.

दर्यावर्दी:
पैसे देण्याची घाई करू नये. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आणि कृषी विद्यापीठांचे ‘कृषिकोश’वर मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांची भांडारेही खुली आहेत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून शासकीय विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली आहेत, म्हणून तुमच्या मुलांपैकी कोणी अशा ठिकाणी शिकत असेल तर त्याला विचारा. तेही न जमल्यास लेखकालाच ईमेल करावा; आपला निबंध गावच्या वाचनालयात वाचला जाणार हे कळले की बहुतेकांना आनंदच होतो. निवडलेला निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, हे ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या विदागारात आधी पाहून ठेवा, ते २०२३ पासून शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेकडे असून विनामूल्य आहे.

इंग्रजीसाठी एकाने आधी वाचून आकृत्या आणि तक्ते मराठीत समजावून द्यावेत. उरलेला मजकूर पुष्कळदा त्यांभोवतीच फिरतो. यंत्राने केलेले भाषांतर आधाराला चालेल, पण ‘नाही’ आणि ‘फक्त’ हे शब्द मूळ वाक्याशी ताडून घ्या.

चौदा आणे:
कातळशिल्पे आधी घ्यायला माझी हरकत नाही. सडा तोच आहे, बेडूक थांबतील. आकड्यांवरून एक सुचले. अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली ही बातमी सर्वांनी वाचली असेल. तिचे मूळ पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील अभ्यासकांच्या २०२१ मधील निबंधात आहे. ५२ टक्के कशाच्या तुलनेत, कोणत्या वर्षांपासून मोजलेले, आणि मुळात वर्षाला एक-दोन वादळे होणाऱ्या समुद्रात टक्केवारी किती झटकन फुगते, हे मंडळींना मूळ तक्त्यातून काढायला लावा. निसर्ग आणि तौक्ते वादळांत उडालेली छप्परे अजून आठवत असल्याने चर्चा तापेल, म्हणून हा विषय तिसऱ्या बैठकीच्या आत नको.

खाडीपलीकडे:
ठरले. पहिली बैठक कातळशिल्पांवर, दुसरी साक्यावर दोन्ही निबंध समोर ठेवून, आणि बेडूक व वादळे त्यानंतर. बोलींचे नकाशे मुलांकडे सोपवते. साक्याच्या बैठकीला दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले कोणी येऊ शकत असेल तर कृपया येथेच कळवावे. राहण्या-जेवण्याची सोय वाचनालय करील.