कॉमन लॉ मॅरेज (विधी-नोंदणीशिवाय मानलेलं लग्न) आपल्याकडे चालतं का? (आत्याचा प्रश्न आहे)

सुदामानगरकर:
मंडळी, विषय नाजूक आहे. आमची आत्या आणि काका (आतोबा म्हणायचं की नाही हे घरात कधी ठरलंच नाही म्हणून काका) 1999 पासून इंदूरात एकत्र राहतात, लग्न नाही, पण रेशनकार्डावर पती-पत्नी आणि अख्खी गल्ली तिला भाभीजीच म्हणते. आता काकांची अँजिओप्लास्टी झाली तर त्यांचा पुतण्या घराचे कागद विचारायला लागलाय. ह्यूस्टनचा (अमेरिकेत, टेक्सासात) चुलतभाऊ म्हणतो सात वर्षं एकत्र राहिलं की कॉमन लॉ मॅरेज होतं, घाबरू नका. खरंय?

पोहेजलेबी:
सात वर्षांचं तिकडेही खोटंच आहे. टेक्सासात वर्षं मोजत नाहीत, दोघांनी आम्ही नवरा-बायको असं ठरवलेलं, तिथे एकत्र राहिलेले आणि चारचौघांत तसंच सांगितलेलं, एवढं लागतं. मग मोडायला घटस्फोटही रीतसर घ्यावा लागतो. इंग्लंडात तर हे लग्न मानतच नाहीत.

काळा_कोट:
आपल्याकडे त्या नावाचं काही नाही, पण कोर्ट गृहीत धरू शकतं. 1978 च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टाने पन्नासेक वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालंय असंच धरलं. मात्र समोरच्याने उलट पुरावा आणला की ते गृहीतक मोडतं. 2010 च्या वेलुसामी निकालात घरगुती हिंसा कायद्यात लग्नासारखं नातं मानायलाही दोघं लग्नाला मोकळे हवेत असं म्हटलंय. म्हणून आधी सांगा, काकांचं पहिलं लग्न वगैरे?

सुदामानगरकर:
हो, पहिली बायको 1996 लाच ग्वाल्हेरला माहेरी गेली, आहे अजून. मूलबाळ नाही. कागदावर घटस्फोट नाही झाला, हे लिहायचं राहिलं.

काळा_कोट:
अहो तेच तर मुख्य! मग गृहीतक वगैरे विसरा, रेशनकार्डाने काही होत नाही. काका काही न लिहिता गेले तर घर कायदेशीर बायकोकडे जाईल (काकांची आई असेल तर तिचाही वाटा), आत्या बाहेर. ती बायको असेपर्यंत पुतण्याचाही नंबर लागत नाही, हे त्याला सांगून बघा, गप्प बसेल. घर स्वकमाईचं असेल तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण असा पुतण्या असताना कराच.

सुदामानगरकर:
घर त्यांनीच घेतलेलं. पण मृत्युपत्र म्हटलं की चिडतात, अजून मेलो नाहीये म्हणतात.

पोहेजलेबी:
तुम्ही नका काढू विषय, आत्याला काढू द्या.